व्हीटेकचं इंजिन बांधलंय, रोजच्या रस्त्यासाठी पण आणि ट्रॅकसाठी पण

इंजिन बांधून झालं म्हटल्यावर ज्याला त्याला एकच प्रश्न पडतो, "किती बीएचपी काढली?" अजून डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) गाडी चढवलेली नाही, त्यामुळं आकडा माझ्याकडं नाही, आणि खरं सांगायचं तर हे इंजिन बांधताना तो आकडा यादीत बराच खाली होता. कारण माझी गाडी ट्रेलरवर बसून ट्रॅकला जात नाही. आमच्या आसपास गाड्यांसाठी पूर्ण सर्किट नाही, म्हणजे कोल्हापुरातनं एकतर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, दोन्हीकडं नऊशे-हजार किलोमीटर. तेवढं हायवेनं एसी लावून जायचं, तिथं वीस-वीस मिनिटं आरपीएमच्या काट्याच्या लाल रेषेपर्यंत पिळायचं, आणि परत त्याच इंजिनावर घरी येऊन सोमवारी ऑफिसला जायचं. एवढं सगळं एका इंजिनाकडनं पाहिजे असेल तर बांधणी वेगळीच करावी लागते, आणि त्याबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे लिहितोय.

गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी, टाइप टू, दीड लिटर व्हीटेक (आरपीएम वाढलं की व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर नेणारी होंडाची पद्धत, पुढं सांगतो). ज्यांना माहितीय त्यांना जास्त सांगायला नको. १०६ पीएस (म्हणजे जवळजवळ बीएचपीच), त्या काळात त्या किमतीत असलं काही मिळायचं नाही, आणि २००३ मध्ये पुढचं मॉडेल आलं ते ७७ पीएसचं, मायलेजवालं, त्यामुळं जुन्या व्हीटेकच्या मागं पोरं अजून वेडी आहेत. आतलं इंजिन डी१५बी, १४९३ सीसी, बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ७५ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८४.५ मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात बिडाच्या स्लीव्ह (सिलिंडरच्या नळ्या) ओतलेल्या, वरनं ओपन डेक, म्हणजे स्लीव्हच्या वरच्या टोकाभोवती पाण्याची मोकळी जागा आणि धातूचा आधार कमी. हे ओपन डेकचं लक्षात ठेवा, पुढं येणारे.

खोलायच्या आधी गाडी काय बोलतेय ते नीट ऐकून घेतलं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आणि मग बंद, म्हणजे व्हॉल्व्हचे ऑइल सील. घाट उतरताना थ्रॉटल सोडून परत दिला की मागं भुस्स, तेही सील नाहीतर व्हॉल्व्हचा गाइड. पण चढाला जोर दिल्यावर सलग धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा. माझ्या गाडीत दोन्ही होतं. लीकडाउन टेस्ट केली, म्हणजे पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी) धरून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा, ऑइल फिलरमधनं फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधनं आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि ब्लॉकमधली गॅस्केट. नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर विसंबून गॅरेजवाले "रिंगपिस्टन टाकूया" म्हणतात तेव्हा ही टेस्ट करायला लावा, तासाभराचं काम आहे.

इंजिन उतरवताना एकच गोष्ट डोकं फिरवते, क्रँक पुलीचा बोल्ट. बाकी गाड्यांना लोक जुगाड करतात, पाना चॅसीला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा की बोल्ट सुटला. या होंडाचं इंजिन उलटं फिरतं, पुलीच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या विरुद्ध, त्यामुळं स्टार्टर मारला की बोल्ट सुटायच्या ऐवजी अजून घट्ट. पुलीला मध्ये ५० मिलिमीटरची षटकोनी खाच असते, त्यात बसणारा होल्डर घ्यायचा (नाहीतर तेवढ्या मापाचा नट पाइपला वेल्ड करून घ्यायचा), एकानं तो धरायचा आणि दुसऱ्यानं लांब बारला अजून पाइप लावून लोंबकळायचं. सुटताना असा आवाज येतो की काहीतरी तुटलंच असं वाटतं. तुटत नाही.

आतली अवस्था अपेक्षेपेक्षा बरी निघाली. क्रँक ठीक, नुसतं पॉलिश पुरलं. बोअर मात्र वरच्या बाजूला अंडाकृती झालेले आणि वरच्या रिंगेच्या जागी नखाला लागेल एवढी पायरी. म्हणजे ओव्हरसाइज, बोअर वाढवून मोठा पिस्टन, आलाच. ०.२५ मिलिमीटरमध्ये साफ निघेल का याची खात्री नव्हती म्हणून सरळ ०.५० घेतलं, बोअर ७५.५, इंजिन १५१३ सीसी. वीस सीसीनं काय होत नाही, ते कुणी मला "मग पॉवर वाढली की" म्हणून सांगू नका.

आता टॉर्क प्लेट. सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त वादावादी याच्यावर झाली.

हेडचे बोल्ट पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या जोरानं) आवळले की ब्लॉक खेचला जातो आणि बोअरचा आकार बदलतो. गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही, आणि ओपन डेकला वर आधारच नसल्यामुळं हे जास्त. म्हणून होनिंग (बोअर दगडानं बारीक घासून मापात आणणं) करताना हेडच्या जागी एक जाड पोलादी प्लेट बोल्टनं तेवढ्याच टॉर्कला आवळायची, तिला चार भोकं असतात, त्यातनं होनिंगचं हत्यार आत जातं. मग प्लेट काढल्यावर बोअर वाकडा दिसला तरी चालतं, हेड बसल्यावर तो गोल होणारे.

शिवाजी उद्यमनगरात मी ज्यांच्याकडं काम देतो ते काका शेतीपंपाची ऑइल इंजिनं बोअर करत म्हातारे झालेत, हात असा की मायक्रोमीटर नंतर लावायचा आणि माप आधी सांगायचं. पण ते म्हणाले, "अरे, एवढा ठोकळा वर कशाला पाहिजे तुला? चाळीस वर्षं झाली, बिनठोकळ्याचीच इंजिनं चालत्यात की." आणि त्यांचंही खरंय, बाराशे-पंधराशे आरपीएमवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनाला काय फरक पडतोय. मी वाद घातला नाही. कोल्हापूरचा एक फायदा असा की असलं काहीतरी करून घ्यायला गाव सोडावं लागत नाही, ओतकामापासून मिलिंगपर्यंत सगळं दोन-चार गल्ल्यांत. जुन्या हेड गॅस्केटवरनं भोकांचं ड्रॉइंग काढलं, पन्नास मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला, दोन्ही बाजू ग्राइंड करून घेतल्या, भोकं बोअरपेक्षा किंचित मोठी, आणि प्लेट ब्लॉकच्या मध्ये हेड गॅस्केट पण घातली, कारण गॅस्केटचा दाब कुठं पडतो त्यावरही खेच ठरते. बोल्टही तेच, त्याच लांबीचे, धाग्यात तेवढेच आत जाणारे.

मग काकांच्याच डायल बोअर गेजनं काकांच्याच समोर मापलं. आधी प्लेटशिवाय, वरनं दहा मिलिमीटरवर, चारी सिलिंडर, लांबीच्या दिशेनं आणि आडवं. मग बोल्ट टप्प्याटप्प्यानं आवळत गेलो, गेज आतच ठेवून. पहिल्या टप्प्याला काटा हललाच नाही. काका माझ्याकडं बघून मिशीत हसले. दुसऱ्या टप्प्याला थोडा थरथरला, आणि शेवटच्या टॉर्कला काटा सरकला तो पंधरा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बोल्टांच्या रेषेत. बोल्ट ढिले केले, काटा परत जागेवर. परत आवळले, परत तेवढाच. काकांनी गेज माझ्या हातातनं घेतलं, स्वतः मापलं, काही बोलले नाहीत, चहा सांगितला. त्यानंतर प्लेट लावूनच होनिंग झालं, आणि आता त्यांना तसली एक प्लेट डिझेल पिकअपसाठी पण पाहिजे म्हणतात.

वीस मायक्रॉन म्हणजे किती, तर या इंजिनात पिस्टन आणि बोअरमधली कंपनीची फटच काही शतांश मिलिमीटरची आहे. त्यातनं वीस मायक्रॉन गेले तर एका बाजूला पिस्टन घासणार आणि दुसऱ्या बाजूनं रिंगेच्या मागनं ऑइल वर जाणार. लोक लाखभराचे पार्ट मागवतात आणि मशीनिंगला "जवळच्या कुणाकडं तरी" देतात, ते मला पटत नाही. पार्ट स्वस्तातले घ्या एकवेळ, बोअरिंगवाला चांगला गाठा.

धुण्याबद्दल एक. होनिंग झाल्यावर बोअरमध्ये दगडाची पूड बसलेली असते आणि ती रॉकेल-डिझेलनं निघत नाही, उलट खाचांत जास्त घुसते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश, मग पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून पुसायचं, फडकं राखाडी झालं की परत धुवायचं, पांढरं राहीपर्यंत. हे मी जुलैत करत होतो आणि कोल्हापूरचा जुलै तुम्हाला माहितीय, उघड्या बिडावर बघता बघता तांबूस झाक येते, त्यामुळं धुतलं की लगेच हवा मारायची आणि लगेच ऑइल चोळायचं, फोन आला तर वाजू द्यायचा.

आता पिस्टन. फोर्ज्ड, म्हणजे ओतीव (कास्ट) नसून दाबून घडवलेले, घातले का? नाही. इथं बऱ्याच जणांचा अपेक्षाभंग होतो. फोर्ज्डमध्ये जे २६१८ अलॉय रेसवाले वापरतात ते गरम झाल्यावर जास्त फुगतं, म्हणून फट जास्त ठेवावी लागते, म्हणून थंडीत सकाळी इंजिन खडखडतं आणि ऑइल खातं, आणि रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला रोज थंड स्टार्ट आहे. टर्बो नाही, नायट्रस नाही, मग चांगल्या कास्ट पिस्टनला ७००० आरपीएमवर काही होत नाही, डिटोनेशन (नॉकिंग, मिश्रण आपोआप भडकणं) होऊ दिलं नाही तर. झालं तर फोर्ज्ड पण किती वेळ टिकणार. पिस्टन आणि रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) यांची वजनं मात्र सारखी करून घेतली. त्यासाठी गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेलो, दुकानात सोन्याच्या काट्यावर पिस्टन ठेवलेले बघून गिऱ्हाइकं उठून बघायला आली. सगळ्यात हलका धरायचा आणि बाकीच्यांचा आतल्या बाजूचा माल किंचित काढायचा, एक ग्रॅमच्या आत आणायचे.

रिंगेच्या दोन टोकांमधली फट हातानं घासून ठेवली. बाहेर चालणारा साधा हिशोब असा की नॅचरली ॲस्पिरेटेड (बिनटर्बोच्या) इंजिनाला वरच्या रिंगेला बोअरच्या हजारात चार भाग, म्हणजे ७५.५ ला ०.३० मिलिमीटर, आणि दुसऱ्या रिंगेला थोडी जास्त, मी ०.३६ ठेवली. दुसरी जास्त का, तर वरच्या रिंगेतनं जे प्रेशर निसटतं ते दोन्हींच्या मध्ये अडकून वरच्या रिंगेला उचलू नये म्हणून. डब्यातनं काढून तशीच बसवलेली रिंग रस्त्यावर आयुष्यभर चालेल, पण ट्रॅकवर दहाव्या मिनिटाला ती तापून फुगते, दोन टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनची कड तोडते.

इंजिनाच्या खालच्या बाजूचा, म्हणजे क्रँक आणि रॉडचा, हिशोब करूनच ठेवलाय, कुणालाही करता येईल. ७००० आरपीएमला या ८४.५ च्या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.७ मीटर. हायवेला ३००० वर चालवताना तोच साडेआठ. आणि रॉडवरची ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते, म्हणजे ३००० च्या तुलनेत ७००० ला जवळजवळ साडेपाच पट. "लिमिटर (आरपीएमची मर्यादा) ७६०० करून टाक की" म्हणणाऱ्यांसाठी, ७००० वरनं ७६०० ला गेलं की ओढ १८ टक्क्यांनी वाढते, आणि कंपनीच्या मूळ कॅमवर तिथं वर पॉवर काही मिळत नाही, नुसता आवाज मिळतो. रॉड तुटतो तो बहुतेक वेळा पॉवर स्ट्रोकला नाही, एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, जिथं पिस्टनला वरनं दाबायला काहीच नसतं आणि तो वर उडून जायला बघतो आणि त्याला दोन बोल्ट धरून असतात. म्हणून रॉड बोल्ट नवे घातले, यात कंजुषी नाही. बेअरिंगची फट जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी, प्लास्टिगेजनं (दाबली की रुंदीवरनं फट सांगणारी मऊ तार) बघितली आणि मायक्रोमीटरनं पण. फट वाढवून जाड ऑइल घालायची एक रेसवाली पद्धत आहे, ती मी टाळली, कारण या इंजिनाचं व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं.

ते कसं, तर प्रत्येक सिलिंडरच्या इनटेकला कॅमवर तीन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) आहेत. कमी आरपीएमला बाहेरच्या दोन लोबवर काम चालतं, मधला मोठा लोब स्वतःच्या रॉकरला हलवत असतो पण तो रॉकर कुणाला जोडलेलाच नसतो. आरपीएम वर गेलं की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) उघडतो, ऑइलचं प्रेशर रॉकरमधल्या पिना सरकवतं, तिन्ही रॉकर एक होतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर चालायला लागतात. तेव्हा जो आवाज बदलतो त्यासाठीच तर हा सगळा नाद. पण प्रेशर कमी पडलं, नाहीतर सोलेनॉइडच्या गॅस्केटमधली बारीक जाळी चोंदली, तर पिना सरकत नाहीत, चेक लाइट लागतो आणि व्हीटेक नाही. जुन्या गाडीत "व्हीटेक मेलं" म्हणून ईसीयू बदलायला निघालेले लोक बघितलेत मी, आधी ती जाळी बघा. हेडचं बाकी काम नेहमीचं, नवीन गाइड, सील, सीट तीन कोनांत, टॅपेटची फट इनटेक ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर, इंजिन थंड असताना.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबायचं, किती ठेवायचा हा खरा रस्ता-विरुद्ध-ट्रॅक प्रश्न. ब्युरेट आणि ॲक्रिलिकची पट्टी घेऊन हेडमधली जागा मोजली, त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा खड्डा धरला. एका सिलिंडरचे ३७८ सीसी, साडेदहा रेशो पाहिजे तर वर ३९.८ सीसीच जागा ठेवता येते. मी ४१ वर थांबलो, म्हणजे १०.२. कारण पेट्रोल. पुण्या-मुंबईत १०० ऑक्टेन मिळतं, पण परत येताना रात्री अकराला कुठल्यातरी आडबाजूच्या पंपावर जे मिळेल ते घालायचंय. त्यात आता सगळीकडं इ२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल). ऊस आमच्याच भागातला, कारखाने आमचेच, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करणार. तसं इथेनॉलमुळं नॉकिंग कमी होतं ही चांगली गोष्ट आहे, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि ओ-रिंग त्यासाठी बनवलेले नाहीत, ते सगळे बदलले. आणि ट्यूनिंगवेळी, साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ असतं ते इ२० ला साडेतेराच्या आसपास येतं, म्हणून मीटरवर लॅम्डा (त्या इंधनाच्या योग्य प्रमाणाला १ धरून केलेलं माप) बघायचा, फुल थ्रॉटलला ०.८७ धरला तर पेट्रोल कुठलंही असलं तरी मिश्रण तेवढंच रिच राहतं.

हेड फेसिंग केलं की हेड खाली येतं आणि बेल्टमुळं कॅमचं टायमिंग किंचित सरकतं हेही बघायचं असतं, ॲडजस्टेबल कॅम पुली लावून ते जागेवर आणलं.

ऑइलचं सांगतो आणि मग संपवतो. या इंजिनाच्या संपमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइल मावतं साडेतीन लिटरच्या आत. लांब, वेगाच्या वळणावर ते सगळं एका बाजूला जातं, पिकअप (ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो, आणि ७००० वर बेअरिंगला हवा मिळाली की काही सेकंदात खेळ खल्लास. म्हणून संपमध्ये पत्र्याचे आडवे अडथळे आणि एकाच दिशेला उघडणारी झडप वेल्ड करून घेतली. ऑइल कूलर लावला पण थर्मोस्टॅटवाला, कारण थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरात हायवेला ऑइल गरमच होत नाही आणि त्यातली ओल आत राहते. या कॅमवर रॉकर रोलरवाले नाहीत, सरळ घासणारे आहेत, म्हणून झीज रोखायला झिंक जास्त असलेलं ऑइल.

नव्या रिंगा बोअरला घासून नीट बसवायला पन्हाळ्याचा रस्ता. पहिले वीस-तीस किलोमीटर सगळ्यात महत्त्वाचे असतात आणि त्यात इंजिन आयडलवर ठेवणं किंवा एका वेगात लाडानं चालवणं दोन्ही वाईट. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये बऱ्यापैकी जोर द्यायचा म्हणजे गॅसचं प्रेशर रिंगेला बाहेर दाबतं, उताराला गिअरमध्येच पाय काढायचा म्हणजे व्हॅक्यूमनं ऑइल वर येऊन घासलेला माल धुऊन जातो. साधं मिनरल ऑइल, मग ते टाकून फिल्टर कापून बघायचा. माझ्या फिल्टरमध्ये बारीक चमक होती, कण नव्हते, तेवढं ठीक असतं.

कारीला नेली तेव्हा तिसऱ्या सेशनला ऑइलचं तापमान ११८ अंशांपर्यंत गेलं आणि थांबलं. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक, ज्यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर स्वस्तात फॉर्म्युला गाड्या बनवून कितीतरी पोरांना रेसिंगला लावलं. ट्रॅक लहान आहे, २.१ किलोमीटर, सरळ जागा कमी, त्यामुळं इंजिनाला वारा कमी आणि ताप जास्त, टेस्टिंगला बरा. परत येताना हायवेला डिपस्टिकची पातळी हलली नव्हती. इरुंगट्टुकोट्टाईची लांब वळणं अजून बाकी आहेत, संपचं खरं कळेल ते तिथंच.

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायला मर्यादा आहेत, त्यामुळं इंजिन नंबर, ब्लॉक, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), सायलेन्सर सगळं मूळचं ठेवलंय आणि पीयूसी बिनघोर निघते. मोठा आवाज काढायची हौस असेल तर ती तुमची तुम्ही बघा.

टॉर्क प्लेट माझ्याकडं पडून आहे. डी१५, डी१६ दोन्हींना बसते, बोअर सारखाच. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात कुणी इंजिन बांधणार असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त परत देताना दोन्ही बाजूंना ऑइल लावून द्या, आणि तिच्यावर ठेवून हातोडीनं बेअरिंग ठोकू नका.